सहाशे सीडी संगणकावर घ्यायच्या आहेत. एमपी३ पुरेल का, आणि सुरुवात कुठून करू?

सुरुवात घरी बर्न केलेल्या सीडींपासून करा. विकत घेतलेल्या छापील सीडीवर खड्डे दाबून उमटवलेले असतात, त्या टिकतात. बर्न केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने उतरतो. माझ्याकडच्या अशा आठ-दहा सीडी कपाटात बसल्याबसल्याच गेल्या. त्यातली दोन घरच्या माणसांच्या आवाजाची रेकॉर्डिंग होती, ती परत मिळाली नाहीत.

एमपी३ नको, फ्लॅक या प्रकारच्या फाइली करा. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापं) असतात, १६ बिटचे, दोन चॅनेलचे. म्हणजे एका तासाचे साधारण ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये हे जवळपास निम्म्यावर येतं आणि आवाजातलं काहीही गळत नाही. सहाशे सीडी दोनशे-अडीचशे जीबीत बसतील. फ्लॅकवरून एमपी३ कधीही करता येतं, उलटं नाही, कारण एमपी३मध्ये गळालेला आवाज परत येत नाही. सहाशे सीडी पुन्हा एकेक करून ड्राइव्हमध्ये घालायची वेळ स्वतःवर आणू नका.

सीडी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर, मॅकवर एक्सएलडी. दोन्हींत अ‍ॅक्युरेटरिप चालू ठेवा. तुम्ही उतरवलेलं गाणं त्याच सीडीवरून इतरांनी उतरवलेल्याशी जुळतं का, हे ते तपासतं. माझ्या एका सीडीचं सातवं गाणं काही केल्या जुळेना. कानाला काही कळत नव्हतं; हेडफोन लावून ऐकलं तेव्हा मध्येच बारीक ‘टक’ सापडली. ओलसर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसू नका) आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर पहिल्याच फेरीत जुळली. अडलेली सीडी लगेच टाकून देऊ नका, आधी ड्राइव्ह बदलून बघा.

खरा वेळ नावांत जातो. बहुतेक ऑडिओ सीडींच्या डेटात गाण्यांची नावं नसतातच. सॉफ्टवेअर गाणी किती आणि किती लांबीची हे बघून ऑनलाइन यादीतून नावं आणतं. ती यादी लोकांनीच भरलेली, म्हणून एकाच गायकाचं नाव तीन स्पेलिंगांनी येतं आणि तुमच्या संग्रहात तीन गायक तयार होतात. मी पहिल्या शंभर सीडी ‘नंतर बघू’ म्हणून तशाच घेतल्या. पुढे ‘ट्रॅक ०४’ म्हणजे काय हे शोधायला डबे पुन्हा खाली काढावे लागले. सीडी हातात आहे, वेष्टन समोर आहे, तेव्हाच नावं दुरुस्त करा आणि वेष्टनाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रणाचं साल बहुधा तिथेच मिळतं.

गाण्याच्या फाइलमधल्या माहितीत ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना कधीच रिकामा सोडू नका. दहा गायकांच्या संकलनात तो रिकामा राहिला की बरेच प्लेअर एका अल्बमचे दहा अल्बम करतात. फोल्डरची रचना साधी असू दे: कलाकार, त्यात साल आणि अल्बम. नंतर नावांच्या मोठ्या प्रमाणावर दुरुस्त्या करायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण आधी पाच-सहा अल्बमवर करून बघा.

रोज पाच-सहा सीडी केल्यात तर चार महिन्यांत होईल. पहिल्या पन्नास झाल्या की लगेच दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या, सगळं संपायची वाट बघू नका.