वाचकांचे प्रश्न : माशांचे पोट आणि दगडावरचे शेवाळ

प्रश्न : माझ्याकडे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिला सात महिने झाले. दोन क्लाउनफिश, तीन निळे डॅमसेल आणि शेवाळ खाईल म्हणून दुकानदाराने दिलेला एक टँग असे सहा मासे आहेत. दिवसातून तीनदा चिमूटभर दाणे आणि संध्याकाळी गोठवलेल्या आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवांची) एक वडी घालतो. दगडांवर बोटभर लांब हिरवे केसाळ शेवाळ माजले आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून आठ दिवस खाद्य बंद ठेवले. मासे खंगले, शेवाळ मात्र तसेच राहिले. टेस्ट किटमध्ये फॉस्फेट शून्य येते. पाणी घरच्या आरओ यंत्राचे वापरतो. माशांना नेमके किती खाऊ घालावे? (एक शिक्षक, दर्यापूर तालुका)

उत्तर : आधी माशांना पूर्ववत खायला घाला. आजारी व उपाशी मासा शेवाळापेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. शेवाळाला उपाशी मारण्यासाठी माशांचे पोट मारू नये, हे माझे ठाम मत आहे, कारण या शर्यतीत मासा नेहमी आधी हरतो.

असे का होते, हे आपल्याला वावराच्या अनुभवावरून सहज कळेल. पऱ्हाटीला दिलेला युरिया तणही खाते, आणि पुढच्या हप्त्यात युरिया दिला नाही म्हणून उभे तण मरत नाही. त्याला निंदावेच लागते. टाकीत पडणारा खाद्याचा प्रत्येक दाणा म्हणजे नत्र आणि स्फुरदाची मात्रा आहे. सर्वसाधारण कोरड्या खाद्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि सुमारे १ टक्का स्फुरद असते. प्रथिनांत १६ टक्के नत्र धरले, तर एक ग्रॅम खाद्यातले सगळे नत्र शेवटी सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट होते आणि स्फुरद सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होते. आपली टाकी २०० लिटरची असली तरी दगड आणि वाळू वजा जाता पाणी १७० लिटरच भरेल. म्हणजे एका ग्रॅममागे लिटरला जवळपास १.९ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.१८ मिलिग्रॅम फॉस्फेट जमा होते. काही भाग माशांच्या अंगी लागतो हे खरे, पण वाढ पूर्ण झालेला मासा घेतलेल्यातले बहुतेक परत पाण्यातच सोडतो.

आता चिमूट म्हणजे किती, ते एकदा लहान काट्यावर तोलून पाहा. माझ्या चिमटीत साधारण अर्धा ग्रॅम दाणे बसतात, आणि मुलांच्या हौशी चिमटीत त्याहून जास्त. तीन चिमटींचे दिवसाला दीड ग्रॅम होतात, वडी वेगळीच. दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदलले तरी साचलेल्यातला जेमतेम सहावा हिस्सा बाहेर जातो आणि तेवढ्यात आणखी दहा ग्रॅम खाद्य आत पडलेले असते. नुसते पाणी बदलून हा हिशेब कधीच मिटत नाही.

मग किटमध्ये फॉस्फेट शून्य कसे? किट फक्त पाण्यात मोकळे असलेले फॉस्फेट मोजते. शेवाळाने ते शोषून स्वतःत साठवले की वाचन शून्य येते. शिवाय समुद्री दगड हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे तो फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातले प्रमाण उतरले की हळूहळू परत सोडतो. सात महिने भरलेले हे कोठार आठ दिवसांच्या उपासाने रिकामे होणार नव्हते. म्हणून शेवाळ हलले नाही, आणि चूक आपली नाही, सल्ल्याची आहे.

खाद्याचे प्रमाण मी असे ठेवीन. सकाळी बारीक दाणे मोजून, एका क्लाउनफिशमागे चार-पाच आणि डॅमसेलमागे तीन-चार, तेही एकदम न ओतता दोन वेळा थांबून द्यावेत, म्हणजे प्रत्येक दाणा तळाला जाण्याआधी कोणाच्या तरी तोंडात पडेल. दोन मिनिटांत जे संपत नाही ते जास्त झाले, असे समजावे. संध्याकाळी वडीचा चौथा हिस्सा पुरेसा आहे. तो वाटीत वितळवून चहाच्या गाळणीतून गाळावा. गाळल्याने फरक पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही, कारण फॉस्फेटचा मोठा हिस्सा गाळणीत उरलेल्या घन भागातच असतो. तेव्हा गाळण्यापेक्षा वडीचा आकार महत्त्वाचा. मुख्य टाकीखाली पाणी गाळण्याची दुसरी टाकी असेल, तर खाद्य देताना त्या खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पंप दहा मिनिटे बंद ठेवावा, नाहीतर अर्धे खाद्य फिल्टरच्या स्पंजात जाऊन कुजते. पंप पुन्हा सुरू करायला विसरू नये. मासे पुरेसे खातात की नाही, हे त्यांच्या भुकेवरून ठरवू नका, कारण डॅमसेल पोट भरल्यावरही मागतोच. वरून पाहताना डोक्यामागचा भाग आणि पोट आत गेलेले दिसले, तर प्रमाण वाढवा.

टँगविषयी थोडे कठोर लिहावे लागत आहे. तो शेवाळ कुरतडतो, पण लांब, जुने, चिवट झालेले केसाळ शेवाळ बहुतेक वेळा सोडून देतो. त्याला रोज वनस्पतिजन्य खाद्य लागते, म्हणजे शेवाळ आवरायला आणलेला मासा स्वतःच खाद्याची मात्रा वाढवतो, आणि मोठा झाल्यावर त्याला २०० लिटरची टाकी पुरत नाही. तो आहे तोवर बिनमिठामसाल्याच्या नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) दोन इंची तुकडा चिमट्याला लावून द्या आणि उरलेला संध्याकाळी काढून घ्या. पुढेमागे मोठी टाकी असलेल्या कोणाकडे तो द्यावा.

यापुढचे काम निंदणाचे आहे. पाणी बदलण्याच्या दिवशी आधी शेवाळ बोटांनी उपटून आणि जुन्या टूथब्रशने घासून काढावे, सुटलेले धागे त्याच नळीने ओढून बाहेर टाकावेत. मूठभर शेवाळ टाकीबाहेर गेले, म्हणजे त्याने खाल्लेले नत्र-स्फुरदही बाहेर गेले. प्रोटीन स्किमर नसेल, तर पुढचा खर्च त्याच्यावर करा, कारण तो मळ कुजण्याआधीच फेसाबरोबर काढतो. फिल्टरचा स्पंज दर तीन-चार दिवसांनी धुवावा. खालच्या टाकीत जागा असेल, तर कीटोमॉर्फा नावाचे तारांच्या गुंड्यासारखे दिसणारे शेवाळ दिव्याखाली वाढवून दर पंधरवड्याला अर्धे काढून टाकावे. वरच्या टाकीतल्या शेवाळाशी लढायला खालच्या टाकीत शेवाळच पाळायचे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी उपाय खात्रीचा आहे. टाकीवरचा दिवा आठ तासांच्या वर नको आणि खिडकीचे ऊन थेट येत असेल तर पडदा लावावा. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे मिळतात, पण ते सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरू करा. नायट्रेट लिटरला ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असणे चांगले. दोन्ही शून्यावर नेण्याच्या नादात डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, बुडबुडे धरणारे शेंबडासारखे थर येतात, आणि ते केसाळ शेवाळाहून चिवट असतात.

शेवटी पाणी, आणि मला दाट संशय इथेच आहे. आपला तालुका खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १८०० असेल आणि आरओचा पडदा ९० ते ९५ टक्केच क्षार अडवत असेल, तर बाहेर येणाऱ्या पाण्यात ९० ते १८० उरतो. त्यातच पिण्याच्या यंत्रात चवीसाठी कच्चे पाणी मिसळणारी एक कळ असते, ती टाकीसाठी पाणी भरताना पूर्ण बंद हवी. नायट्रेट तर इतर क्षारांपेक्षा पडद्यातून सहज निसटते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि अमरावती, वर्धा, बुलढाणा या जिल्ह्यांत ती ओलांडणारे भूजल पुष्कळ ठिकाणी आढळते. आरओनंतर डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी बसवून टीडीएस शून्यावर आणा. त्याआधी एकदा आरओच्या पाण्याचीच नायट्रेट चाचणी करा, कदाचित खाद्याइतकेच खत आपण बादलीतून घालत असाल. सगळे नीट केले तरी फरक दिसायला दोन महिने लागतील, हे धरून चाला.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे तीन-चार तास वीज जाते. टाकीचे पाणी ३१ अंशांवर जाते आणि मासे वर येऊन धापा टाकतात. अशा वेळी खाद्य चालू ठेवावे का? शिवाय पाच दिवस लग्नाला जायचे आहे. (एक वाचक, आर्णी तालुका)

उत्तर : वीज नसताना खाद्य अजिबात देऊ नये. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. पंप बंद असताना तोही भरून निघत नाही, आणि खाल्लेले पचवताना माशाला प्राणवायू जास्त लागतो. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर त्याआधीचे दोन तासही टाळा, आणि एकदाच, पहाटेच्या गारव्यात, थोडे द्या. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा, तो शेवाळाच्या कोणत्याही औषधापेक्षा आधी घ्यावा. वीज असताना पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला, तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. मात्र मग बाष्पीभवन वाढते. २०० लिटरमधले चार लिटर उडाले की क्षारता हजारी ३५ वरून ३५.७ होते, कारण मीठ मागे राहते. म्हणून भर रोज गोड्या पाण्याचीच घालावी.

लग्नासाठी पाच दिवस जात असाल तर धडधाकट मोठे मासे उपाशी राहू शकतात. तरी कोणाला सांगायचेच असेल, तर दोन लहान मात्रांच्या कागदी पुड्या बांधून द्या आणि खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा. मी एकदा डबाच शेजाऱ्यांकडे ठेवून गेलो होतो. त्यांना माशांची दया आली, आणि परतल्यावर तळाशी पांढरी बुरशी आणि वर लाल चिकट थर अशी टाकी मिळाली. सुट्टीसाठी मिळणाऱ्या विरघळणाऱ्या वड्या खाऱ्या पाण्यात टाकू नयेत.

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी इतके खारट आहे की डाळ शिजत नाही. तेच समुद्री माशांना चालेल का? (एक वाचक, तेल्हारा तालुका)

उत्तर : चालणार नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात सोडियम व क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे ०.४ ग्रॅम, असे प्रमाण ठरलेले असते. विहिरीचे पाणी आपल्या जिभेला कितीही खारट लागले तरी समुद्राच्या मानाने ते फार पातळ आहे आणि त्यातल्या क्षारांचे गुणोत्तर वेगळे आहे. त्यात स्वयंपाकाचे मीठ घालूनही समुद्र होत नाही. खारपाणपट्ट्यात राहून आधी पाणी गोडे करायचे आणि मग विकतचे समुद्री मीठ घालून ते पुन्हा खारे करायचे, ही खटपट चुकत नाही. १७० लिटरांना सुमारे सहा किलो मीठ लागते. ते बादलीत रात्रभर पंपाने फिरवून, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ आल्यावरच टाकीत ओतावे.