रासायनिक अभिक्रियेचा वेग म्हणजे नेमकं काय, आणि तो मोजतात कसा?

तुम्ही लिहिलंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) सगळं इंग्रजीत. ‘रेट ऑफ रिअ‍ॅक्शन’चं सूत्र पाठ आहे, पण वेग कशाचा, तो मोजायचा कसा, आणि समीकरण समोर असताना ‘ऑर्डर’ वेगळी का शोधावी लागते, हे उमगत नाही.

मीही याच वाटेने आलो. हिरण्यकेशीच्या काठच्या गावात मराठी शाळा, मग बेळगावात पीयूसीला एकदम इंग्रजी. आज आपल्याच भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. म्हणून मी हे साखरेवरच सांगतो. त्याला दुसरंही कारण आहे: वेगाचं हे शास्त्र उभंच राहिलं साखरेवर.

साखर पाण्यात विरघळवून त्यात थोडं आम्ल घातलं की ती हळूहळू फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. याला आम्ही इन्व्हर्जन म्हणतो. याचा वेग म्हणजे रिअ‍ॅक्शन किती वेळात संपली हे नव्हे. दर लिटरमागे दर सेकंदाला किती मोल साखर कमी झाली, तो वेग. तो क्षणाक्षणाला बदलतो: सुरुवातीला साखर भरपूर म्हणून जास्त, पुढे साखरच उरत नाही म्हणून कमी. सूत्रातल्या उणे चिन्हाचं फार मनावर घेऊ नका. साखर घटते म्हणून फरक उणे येतो, आणि वेग धन लिहायचा म्हणून आधी आणखी एक उणे. ग्लुकोज किती वाढलं हे मोजलंत तर ते चिन्ह लागतच नाही.

खरी गोम मोजण्यात आहे. साखरेचं पाणी नितळ, फुटलेल्या साखरेचंही नितळ. किती उरली, हे डोळ्यांना दिसणार कसं? दर वेळी नमुना काढून तपासत बसलो तर तेवढ्यात रिअ‍ॅक्शन पुढे गेलेली असते. म्हणून असा एखादा गुण धरायचा, जो साखरेच्या प्रमाणाबरोबर बदलतो आणि द्रावणाला हात न लावता वाचता येतो. 1850 मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने हेच केलं. ध्रुवित प्रकाश म्हणजे ज्याची कंपनं एकाच प्रतलात असतात तो. साखर त्याचं प्रतल उजवीकडे वळवते, फुटलेल्या साखरेचं मिश्रण डावीकडे. ‘इन्व्हर्जन’ हे नावही त्या उलटण्यावरूनच पडलं.

ज्या उपकरणावर हे वाचतात ते पोलॅरिमीटर मी रोज हाताळतो. 20 सेंटिमीटरची नळी, दोन्ही टोकांना काचेच्या चकत्या. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. डोळा लावला की प्रकाशाचं वर्तुळ दिसतं, अर्धं उजळ, अर्धं काळपट. अंशांची चकती फिरवत दोन्ही भाग सारखे झाले की अंश वाचायचा. दर 100 मिलिलिटरला 10 ग्रॅम साखर असेल तर सुरुवातीचं वाचन अधिक 13.3 अंश येतं आणि सगळी साखर फुटल्यावर सुमारे उणे 4.2. म्हणजे एकूण प्रवास 17.5 अंशांचा. आता समजा, एका तासाने 4.5 वाचलं, दोन तासांनी 0.2, तीन तासांनी उणे 2. प्रत्येक वाचन शेवटच्या उणे 4.2 पासून किती दूर आहे ते काढा: 17.5, 8.7, 4.4, 2.2. दर तासाला निम्मं. साखर कितीही उरलेली असो, तिची निम्मी व्हायला तेवढाच वेळ लागतो. ऑर्डर म्हणजे वेग एखाद्या पदार्थाच्या प्रमाणाच्या कितव्या घाताबरोबर बदलतो तो आकडा. इथे वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणातच आहे. ही फर्स्ट ऑर्डरची खूण, आणि तो एक तास म्हणजे हाफ लाइफ. 0.693 ला (हा 2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम) 60 मिनिटांनी भागा, वेगाचा स्थिरांक, म्हणजे वेग आणि उरलेली साखर यांचं गुणोत्तर, मिनिटाला 0.0116 मिळेल.

इथे एक चूक मी स्वतः केली होती, म्हणून सांगतो. वाचन शून्यावर आलं की साखर संपली असं वाटतं. तसं नाही. शून्याला अजून सुरुवातीच्या जवळजवळ पाव हिस्सा साखर शिल्लक असते. उजवं आणि डावं फक्त बरोबरीला आलेलं असतं. म्हणून शेवटचं वाचन, रिअ‍ॅक्शन पूर्ण झाल्यावरचं, घेतल्याशिवाय तक्त्याला अर्थ नाही.

आता ऑर्डर. समीकरणात साखरेचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू आहे. मग ऑर्डर दोन का नाही? कारण त्या द्रावणात साखर लिटरला 0.3 मोलही नाही आणि पाणी पन्नासेक मोल. साखर सगळी फुटली तरी पाण्याला फरक पडत नाही, त्यामुळे मोजमापात पाणी दिसतच नाही. उलट आम्ल समीकरणात कुठेच नाही, पण विरळ द्रावणात ते दुप्पट केलं की वेग जवळजवळ दुप्पट होतो. आणखी पुढे जा. उसात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, तेही हीच साखर फोडतं. 1913 मध्ये मिकेलिस आणि मॉड मेंटेन या शास्त्रज्ञांनी इन्व्हर्टेजवरच मोजमापं केली. एन्झाइमचे सगळे रेणू कामात गुंतले की साखर आणखी वाढवूनही वेग वाढत नाही, म्हणजे ऑर्डर शून्याकडे झुकते. साखर तीच, समीकरण तेच, ऑर्डर मात्र वेगळी. समीकरण फक्त आधी काय होतं आणि शेवटी काय झालं एवढं सांगतं. मधली वाट तक्त्यातूनच काढावी लागते.

तापमानाचं सूत्र तुम्हाला असेलच. ते देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसचा 1889 चा लेखसुद्धा उसाच्या साखरेच्या इन्व्हर्जनवरचाच. ‘दहा अंशांना वेग दुप्पट’ हा नियम सगळीकडे लावू नका. साखरेच्या इन्व्हर्जनची अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (रिअ‍ॅक्शन घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला 108 किलोज्यूलच्या आसपास आहे. 25 वरून 35 अंशांवर गेलात तर वेग चौपट होतो.

हे मला कागदाआधी गुऱ्हाळावर भेटलं होतं. एकदा काकांच्या गुऱ्हाळावर संध्याकाळी रस काढला आणि काही कारणाने काहिल पेटलीच नाही. रस रात्रभर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी कितीही आटवला तरी ढेप बसेना. गूळ चिकट, बोटाला तार येणारा, आणि दोन दिवसांत पाझरू लागला. काका म्हणाले, “रस आंबला.” आज मला त्याचा अर्थ कळतो: उसातलं एन्झाइम आणि जीवाणू रात्रभर साखर फोडत होते, आणि फुटलेली साखर दाणा धरत नाही, हवेतलं पाणी ओढते. रसात चुना घालतात त्याचं एक मोठं कारण हेच. कारखान्यात रसाचा सामू (pH) पाच-साडेपाच असतो, चुन्याने तो सातच्या आसपास आणतो आणि मगच जोरात तापवतो. सामू एकाने वाढला की आम्लामुळे होणारं इन्व्हर्जन दसपटीने मंदावतं. उन्हाळ्यात तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर साखर उतारा घसरतो, तोही याच हिशेबाने.

पोलॅरिमीटर कॉलेजात नसेल तर सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग करा. कागदावर फुली काढून तिच्यावर फ्लास्क ठेवायचा. गंधक सुटून द्रावण गढूळ होतं, फुली दिसेनाशी होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. एक भागिले ते सेकंद, हे वेगाच्या प्रमाणात असतं, कारण फुली झाकायला दर वेळी तेवढंच गंधक लागतं. मात्र थायो कमी कराल तेवढं पाणी घालून एकूण माप सारखंच ठेवा आणि फ्लास्क बदलू नका, नाहीतर गढूळपणाची खोली बदलते. सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. पाच वेगवेगळ्या प्रमाणांची वाचनं घ्या आणि तक्ता इथेच खाली टाका. थायोची ऑर्डर किती, ते आपण तुमच्याच आकड्यांवरून काढू.