1960 चं पायपर कोमांचे 250 विमान घ्यावं का? इंजिन फक्त 600 तास चाललंय

तुम्ही लिहिलंय की इंजिनाच्या ओव्हरहॉलला (पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्याला) 25 वर्षं झालीत पण त्यानंतर इंजिन 600च तास चाललंय, म्हणून सौदा चांगला वाटतोय. मी कोमांचेच उडवतो, या विमानावर माझा फार जीव आहे, तरी सांगतो, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकला तो हा 600चा आकडाच. या विमानातल्या लायकॉमिंग कंपनीच्या ओ-540 इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (थोडक्यात कॅम), क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, वर बसतो, विमान नुसतं उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं, कॅम कोरडा पडतो आणि गंज धरतो, मग परत उडवायला लागलं की टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) आणि कॅम एकमेकांवर घासून झिजतात आणि त्याचा चुरा तेलातून इंजिनभर फिरतो. लायकॉमिंग स्वतः ओव्हरहॉलसाठी 2000 तास किंवा 12 वर्षं, जे आधी होईल ते, असं सांगते. त्यामुळे लॉगबुकात एकूण तास बघत बसू नका, दरवर्षी किती उडालंय ते बघा. मधली काही वर्षं विमान हँगरमध्येच पडून असेल तर ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च धरूनच भाव करा. एखादा सिलिंडर उतरवला की कॅम डोळ्यांनी दिसतो, ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांमध्ये चुरा आहे का तेही बघायचं, चुंबकाला चिकटला तर तो लोखंडाचा. मालक याला नाहीच म्हणाला तर मी तरी तिथून निघून येईन.

दुसरं म्हणजे लँडिंग गिअर. यावर जुनी एडी (विमान-सुरक्षा नियामकाचा सक्तीचा आदेश) आहे, दर 1000 तासांनी गिअर उघडून तपासावा लागतो आणि गिअरला मदत करणारे बंजी (रबरी ताणदोर) तर त्याच्याही बरेच आधी बदलावे लागतात, त्याच्या नोंदी तारखेसकट मागा. विमान जॅकवर घेऊन गिअर वरखाली करून बघा, इमर्जन्सीने हाताने खाली करायची पद्धतसुद्धा तेव्हाच करून बघा. शेपटीचा आडवा पंख पूर्णच हलतो, त्याला स्टॅबिलेटर म्हणतात, त्याला हलवणाऱ्या हॉर्न नावाच्या भागाला तडे जातात, त्याचीही एडी आहे. पंखातल्या रबरी टाक्या खूप दिवस रिकाम्या राहिल्या की कडक होऊन चिरतात, पंखाखाली इंधनाचे डाग दिसतात का बघा.

पार्ट्सचं म्हणाल तर 1972 च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला पायपरचा लॉक हेवनचा कारखाना बुडाला आणि कोमांचेचं उत्पादन तिथेच थांबलं, त्यामुळे बॉडीचे बरेच पार्ट्स मोडीत निघालेल्या विमानांतूनच शोधावे लागतात. इंजिनाची तशी अडचण नाही, ओ-540 बऱ्याच विमानांत आहे.

तपासणीला मेकॅनिक कोमांचेवर काम केलेलाच घ्या, विकणाऱ्याचा नेहमीचा नको. बाकी चार माणसं बसवून ताशी 180 मैलांच्या आसपास जाणारं, लांबच्या प्रवासाला इतकं स्थिर विमान या वयाच्या विमानांत सहज मिळत नाही, 1959 मध्ये मॅक्स कॉनरॅड हा वैमानिक जादा टाक्या लावलेलं कोमांचे 250 कासाब्लांकाहून थेट लॉस एंजेलिसला घेऊन गेला होता, मधे कुठेही न उतरता. कॅम स्वच्छ निघाला आणि गिअरच्या नोंदी पूर्ण असल्या तर जरूर घ्या.