जूनमध्ये पोराकडे अमेरिकेत टक्सनला चाललोय, तिथे वाळवंटाशिवाय फिरण्यासारखं काही आहे का?

तुमचं म्हणणं की नागपूरच्या उन्हातून निघून ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन पडायचं म्हणजे काय फायदा. भाऊ, मलाही हेच वाटलं होतं! मी प्रतापनगरचा, मुलीकडे तीन महिने राहून आलो. बाकी काही बघा नका बघू, शहराला लागूनच सांता कॅटलिना डोंगर आहे त्यावर माउंट लेमनला नक्की जा.

शहर साधारण साडेसातशे मीटरवर आणि शिखर 2,791 मीटर, मधे रस्ता फक्त 40-45 किलोमीटरचा. आपण चिखलदऱ्याला अर्धा दिवस गाडीत बसून 1,100 मीटरच्या आसपास पोचतो, इथे तासा-सव्वा तासात दोन हजार मीटर चढून होतात. सुरुवातीला नुसते सग्वारो, म्हणजे ते हात वर केलेले खांबासारखे निवडुंग, त्यांना एक हात फुटायलाच पन्नास-सत्तर वर्षं लागतात. जूनमध्ये त्यांची फळं पिकतात, टोहोनो ओडम नावाचे तिथले मूळ लोक लांब काठीनं ती पाडतात. मग थोडं वर गेलं की सग्वारो गायब, खुरटे ओक सुरू, विंडी पॉइंटला दगडांचे सुळके, आणि त्याच्यावर पाइनचं गच्च जंगल. खाली वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस, पण वर हवा थंड म्हणून पाऊसही जास्त आणि हिवाळ्यात बर्फ, चक्क स्कीइंग चालतं. अशा डोंगरांना तिकडे स्काय आयलंड म्हणतात, कारण वरची झाडं-जनावरं बेटावर अडकल्यासारखी, खालचं वाळवंट काही त्यांना ओलांडता येत नाही.

पॉन्डेरोसा पाइन दिसला की सालीच्या भेगेत नाक घालून वास घ्या, व्हॅनिलासारखा येतो. आमची सौ. आधी मला हसली, मग तीच झाडाझाडाला नाक लावत फिरत होती. आणि मागच्या सीटवरचं चिप्सचं पाकीट वर जाईस्तोवर पुरीसारखं टम्म फुगलं, नातू फोडू देईना.

हा रस्ता 1933 ते 1950 कैद्यांकडून बांधून घेतला. त्यात गॉर्डन हिराबायाशी पण होते, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांवर सरकारनं जी बंधनं लादली ती न मानल्याबद्दल शिक्षा झालेले. आता कैद्यांच्या त्या जुन्या कॅम्पच्या जागी त्यांच्याच नावाचं कॅम्पिंगचं ठिकाण आहे, वाटेतच लागतं, दहा मिनिटं थांबा.

जून म्हणजे तिकडे वणव्यांचा महिना, हे मात्र ध्यानात ठेवा. 2003 च्या वणव्यात वरच्या समरहेवन गावातली तीनशेच्या वर घरं-दुकानं जळाली, 2020 च्या जूनमध्ये वीज पडून परत पेटलं होतं. जळके बुंधे अजून दिसतात. म्हणून निघायच्या आधी रस्ता चालू आहे का ते पोराला बघायला सांगा. डोंगराच्या पायथ्याची सबिनो कॅन्यन ही दरी करायची असेल तर सकाळी लवकर, आत इलेक्ट्रिक गाडी फिरते, गुडघे दुखत असतील तरी चालतं. जुलैत पाऊस सुरू झाला की तिथल्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही.

पेट्रोल खालीच भरा, वर पंप नाही. आणि स्वेटर घ्या बाप्पा! मुलगी सांगत होती तर मी म्हटलं नागपूरच्या माणसाला काय सांगते, खाली चाळीस आहे. संध्याकाळी विंडी पॉइंटला वारा सुटला तसा नातवाचं डायनासोरवालं ब्लँकेट पांघरून गाडीत बसलो, तो फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरून राहिलाय.