रेणूला भिंत कशी कळते?

प्रश्न : मी अंबडला अ‍ॅनोडायझिंगच्या, म्हणजे विजेनं अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवण्याच्या कामावर आहे. अ‍ॅल्युमिनियमवरच्या ज्या बारीक छिद्रांत आम्ही रंग भरतो, तसल्याच छिद्रांत शास्त्रज्ञांनी रेणूंची मळसूत्रं तयार केली, असं मुलीनं वाचून दाखवलं. रेणूला भिंत कशी कळते? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मुलीनं वाचलं ते खरं आहे. रेणूला भिंत कळत नाही, त्याला फक्त शेजारी कळतो. भिंत हाही एक शेजारीच.

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून असतं, शेपूट पाण्यापासून पळतं. साबण पुरेसा झाला की शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे आपोआप बनतात. आणखी दाट केला की लांब दांडे होतात आणि उसाच्या मोळीसारखे एकमेकांना टेकून बसतात.

ही मोळी छिद्रात बसवायची तर रुंदी दांड्यांच्या हिशेबात क्वचितच बसते. मधली जागा रिकामी ठेवता येत नाही. मग दांडा वाकतो. वाकायलाही ऊर्जा लागते, पण अवघडून सरळ राहण्यापेक्षा ती कमी लागते. मी वर्गात पारदर्शक नळी आणि गोट्या नेत असे. नळी गोटीहून जरा रुंद असली की एकेरी रांग, दीडपट असली की नागमोडी, दुपटीहून किंचित जास्त असली की जोड्या वळत वळत वर चढतात. गोट्या त्याच, बदलली ती नळी. रेणूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते : भिंतीला डोकं चिकटतं की शेपूट.

2004 साली सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अशा साबणासारख्या रेणूंसोबत सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) घेऊन ती 100 नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत भरली; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मोकळ्यात सरळ दांडे देणारं तेच मिश्रण तिथं एकेरी, दुहेरी मळसूत्रं देऊ लागलं. अगदी अरुंद छिद्रांत दांडेही उरले नाहीत, गोल पोकळ्या झाल्या. मला आजही याचं नवल वाटतं.

तुमच्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत छिद्रं साधारण 10 ते 20 नॅनोमीटरची पडतात, व्होल्टेज वाढवलं की त्यांच्यातलं अंतर वाढतं. रंगाचा रेणू त्यामानानं फार लहान, म्हणून तो नुसता आत शिरून चिकटतो.

मुलीला दाखवायचं तर सीलिंग केलेला, म्हणजे छिद्रांची तोंडं बंद केलेला, आणि न केलेला असे दोन तुकडे घरी न्या. दोन्हींवर शाईचा थेंब टाका, पाच मिनिटांनी धुवा. न केलेल्यावरचा डाग जाणार नाही.