व्हेरिकोसीलला ऑपरेशनच करावं लागतं का? बिनटाक्याचा काही उपाय आहे का?

तुम्ही लिहिलंय की डाव्या बाजूला ग्रेड ३ व्हेरिकोसील आहे, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात इतक्या फुगल्या आहेत, शुक्राणू कमी आहेत, दोन वर्षं मूल नाही आणि चिरफाडीची भीती वाटते. बिनटाक्याचा उपाय आहे, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. मी तोच करून घेतला, पण मूल होण्यासाठी नाही, दुखण्यासाठी. संध्याकाळपर्यंत उभं राहिलं की खाली ओढल्यासारखं व्हायचं.

हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत नळीने उपचार करणारे डॉक्टर, करतात. आपण जातो युरोलॉजिस्टकडे आणि ते साहजिकच स्वतःच्या हातातलं ऑपरेशन सुचवतात, म्हणून हे नाव बऱ्याच जणांच्या कानावरही येत नाही.

डाव्या वृषणाची शीर वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. तिच्यातल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलटं खाली उतरतं आणि वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात. हा त्रास बहुतेक डावीकडेच दिसतो तो त्यामुळे. एम्बोलायझेशनमध्ये मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेजवळ तेवढीच जागा बधिर करतात आणि बारीक नळी एक्स-रेच्या पडद्यावर बघत त्या बिघडलेल्या शिरेत नेतात. मग धातूच्या कॉइल किंवा शीर बंद करणाऱ्या औषधाचा फेस सोडून ती बुजवतात. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी परत जातं. माझ्या मानेतून नळी घातली होती. शिरा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून नळीतून डाय सोडला की अंगातून ऊब सरकते, बाकी विशेष काही कळलं नाही. त्याच दिवशी घरी सोडलं. पुढे काही दिवस कंबरेत ठणका होता, तो साध्या गोळीने आटोक्यात राहिला. जड उचलायला काही दिवस बंदी होती.

आता दुसरी बाजू. सूक्ष्मदर्शकाखाली केलेलं ऑपरेशन काही मागासलेलं नाही. जांघेत दोन-तीन सेंटिमीटरचाच छेद असतो आणि व्हेरिकोसील पुन्हा होण्याचं प्रमाण त्यात सगळ्यात कमी. एम्बोलायझेशनमध्ये कधी नळी शिरेत शिरतच नाही, उजवीकडे तर जास्तच, आणि मग शेवटी ऑपरेशन करावंच लागतं. उलट ऑपरेशननंतर त्रास परतला तर एम्बोलायझेशन फार उपयोगी पडतं. अंडकोषात पाणी साचण्याचा धोकाही त्यात जवळपास नसतो.

तुमचं ग्रेड ३ आहे आणि रिपोर्टही बिघडलेला आहे, तेव्हा उपचाराचा विचार रास्तच. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलवर कुणी सुई-सुरी काढत असेल, तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. सुमारे १५ टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. फुगलेल्या शिरा आडवं पडल्यावरही बसत नसतील, तर आधी पोटाची तपासणी करून घ्या. क्वचित मूत्रपिंडाजवळची गाठ निघते.

शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, त्यामुळे उपचारानंतर तीन महिन्यांच्या आत रिपोर्ट काढून जीव टांगणीला लावू नका. पत्नीच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या आत्ताच करा. त्यांचं वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर इतके महिने थांबायचं की आयव्हीएफकडे वळायचं, हे वंध्यत्वतज्ज्ञांना दोघांनी मिळून विचारा, आणि तेही शिरांचा निर्णय घेण्याआधी.