तालुक्याच्या नाट्यगृहात एकाच दिवशी चित्रपट, व्याख्यान आणि नाटक ठेवायचं, तर क्रम कसा लावावा?

चित्रपट सकाळी १० वाजता, त्याला जोडूनच व्याख्यान, आणि दुपारी १.३० पासून रंगमंच पूर्णपणे नाटकवाल्यांच्या ताब्यात. प्रयोग रात्री ८ ला. दोन अंकी नाटकाचं नेपथ्य उभं करणं, दिवे टांगणं, फोकस करणं (दिव्यांचे झोत नेमक्या जागी वळवणं), ध्वनी तपासणं यात ४-५ तास सहज जातात, आणि फोकस करताना प्रेक्षागृहात अंधार लागतो. बरेच आयोजक व्याख्यान संध्याकाळी ५ ला घुसवतात. मग वक्ता बोलत असताना पडद्यामागे ठोकाठोक चालते, फोकस अर्धवट राहतो, तिसरी घंटा, म्हणजे प्रयोगाची सुरुवात, लांबते. वक्ता आणि नट दोघांवरही हा अन्यायच. चित्रपटाची फाइल आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर आवाजासकट चालवून बघा. ओटीटीची वर्गणी किंवा डीव्हीडी घरापुरती असते; जाहीर खेळाला हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र हवं. नाटकासाठी लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या संहिता तपासणारं राज्य सरकारचं मंडळ) प्रमाणपत्र नाट्यसंस्थेकडून आधीच मागून घ्या. अपवाद एकच: नाटकाऐवजी अभिवाचन किंवा काळ्या पडद्यांपुढचा एकपात्री प्रयोग असेल, तर ५ चं व्याख्यान चालून जातं, मात्र नंतर माइक बदलायला अर्धा तास मोकळा ठेवा.